पाचवा महिना, हिमोग्लोबिन ९.२ – जेवणात नेमकं काय बदलू?

भुईचाफा | ३ जून, रात्री १०:४०

नमस्कार. मला पाचवा महिना चालू आहे, पहिलंच. शिरूर तालुक्यातल्या एका गावात राहते, एकत्र कुटुंब, घरात नऊ माणसं. परवा दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.२ निघालं. तिथल्या बाईंनी गोळ्यांची पाकिटं हातात दिली, "चांगलं खा" म्हणाल्या आणि पुढचीला हाक मारली. चांगलं म्हणजे काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

घरी सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात, दोन जिवांचं खा. चुलतसासूबाई म्हणतात, जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल आणि मोकळं होताना अडेल. आई फोनवर रोज गूळ-शेंगदाणे आणि खजूर सांगते. दारात पपईचं झाड आहे, पण त्याला हात लावायची बंदी. मी उपाशी मुळीच नाही, पोटभर जेवते. कालचं सांगते: सकाळी चहा आणि चार बिस्किटं, अकराला दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, चारला चहा, रात्री बाजरीची भाकरी, वरण-भात, मिरचीचा ठेचा. लोहाची लाल गोळी सकाळच्या चहाबरोबर घेते, म्हणजे विसरायला होत नाही.

एक गोष्ट घरात कोणालाच सांगितलेली नाही. पुतण्याच्या दप्तरातली पाटीवरची पेन्सिल खावीशी वाटते. दोनदा खाल्लीसुद्धा. हे कशाने होतं?

रानवारा | ३ जून, रात्री ११:०५

बीट आणि डाळिंबाचा रस रोज एक ग्लास. माझ्या बहिणीला फरक पडला होता.

शेवगा | ४ जून, सकाळी ६:२०

भुईचाफा, पेन्सिलीचं मोकळेपणाने लिहिलंस ते फार चांगलं केलंस. माती, खडू, पाटीची पेन्सिल, भाजलेला कौलाचा तुकडा, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटणं लोह कमी झालेल्या बायकांत नेहमी दिसतं. यात लाज वाटण्यासारखं काही नाही, मात्र डोहाळे म्हणून सोडूनही द्यायचं नाही. पुढच्या तपासणीला हे आवर्जून सांग. मातीतून जंत जातात, शिसं जाऊ शकतं. लोह भरून आलं की ही इच्छा बहुतेक वेळा आपोआप ओसरते.

मी आहारतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं गरोदर बायकांबरोबरच काम करते. तुझ्या जेवणाचं बोलण्याआधी गोळीचं बोलू. आजपासून ती चहाबरोबर घेऊ नकोस. चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं आणि ते नीट अंगी लागत नाही. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर चहा नको. हेच राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या आहार मार्गदर्शिकेतही सांगितलं आहे. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर किंवा आवळ्याच्या फोडीबरोबर घे. कॅल्शियमच्या गोळ्या वेगळ्या वेळी, जेवणानंतर. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. शौचाला काळी होईल, घाबरू नकोस. मळमळत असेल तर गोळी रात्री झोपताना घेऊन बघ, पण बंद करू नकोस. सरकारी लाल गोळीत ६० मिलीग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. गरोदरपणात ती रोज एक, किमान १८० दिवस घ्यायची आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११च्या खाली गेलं की पंडुरोग धरतात. तुझं ९.२ आहे, म्हणजे बहुधा रोज दोन गोळ्या लागतील. ते डॉक्टरांकडून ठरवून घे.

गूळ-खजुराबद्दल आईचं मन मोडू नकोस, पण हिशोब बघ. गुळाच्या २० ग्रॅमच्या खड्यातून फार तर एक मिलीग्रॅम लोह मिळतं. रसाचंही तेच. बिटाचा रंग लाल आहे म्हणून त्यात रक्त नसतं. तुझी तूट भरून काढायचं काम गोळीचं आहे. जेवणाने ती पुन्हा पडू द्यायची नाही.

आता ताट. जगभर वापरतात अशी एक सोपी मोजणी आहे. बाईने कालच्या दिवसात काय काय खाल्लं ते दहा गटांत पाहायचं: धान्यं आणि कंदमुळं, डाळी-कडधान्यं, शेंगदाणे-तीळ वगैरे, दूध-दही, मांस-मासे, अंडी, गडद हिरव्या पालेभाज्या, पिवळी-केशरी फळं-भाज्या (गाजर, लाल भोपळा, आंबा, पिकली पपई), इतर भाज्या, इतर फळं. दहातले निदान पाच गट झाले असतील तर शरीराला लागणारी जीवनसत्त्वं आणि खनिजं मिळण्याची शक्यता बरी. मोजायला निदान १५ ग्रॅम, म्हणजे साधारण मोठा चमचाभर तरी पोटात जायला हवं. वरून भुरभुरवलेली कोथिंबीर धरत नाहीत.

तुझं कालचं मोजलं. पोळी, भाकरी, भात, बिस्किटं आणि बटाटा हे सगळं एकाच गटात जातं. वरणाचा दुसरा. चहातलं चमचाभर दूध मी धरत नाही. झाले दोन. पोट भरलं होतं हे खरंच आहे गं, पण दिवसभरात तू एकच गोष्ट पाच रूपांत खाल्लीस.

तुळसमाळ | ४ जून, सकाळी ९:१५

आमचं घर माळकरी आहे. सुनेला तिसरा महिना. अंडी-मासे घरात येणार नाहीत, मग दहातले दोन गट कायमचे गेलेच. बी-१२ जीवनसत्त्वाचं काय करायचं? मोड आलेल्या मटकीत असतं असं एकीने सांगितलं.

शेवगा | ४ जून, दुपारी १:५०

काकू, दोन गट गेले तरी आठ उरतात, पाचाचा आकडा सहज गाठता येतो. पण बी-१२चं आपण खरं तेच बोलू. मोड आलेल्या कडधान्यात ते नसतं, पालेभाजीत नसतं, हिरव्या शेवाळाच्या गोळ्यांमधलंही शरीराला उपयोगी पडत नाही. ते फक्त प्राण्यांपासून आलेल्या अन्नात असतं, म्हणजे तुमच्याकडे दूध, दही, ताक, पनीर. दिवसाला दोन-तीन वाट्या दूध-दही गेलं तर काही प्रमाणात मिळेल, तरीही तिचं बी-१२ तपासून घ्या. कमी निघालं तर गोळी किंवा इंजेक्शन हाच उपाय. माळेला त्याचा काहीच अडसर नाही, औषधातलं बी-१२ सूक्ष्मजीवांपासून बनवतात.

याबद्दल मी इतक्या आग्रहाने का बोलते ते सांगते. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत एक मोठा अभ्यास सुरू झाला. के.ई.एम. रुग्णालयाच्या पुण्यातल्या संशोधन केंद्राचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या कॅरोलिन फॉल हे त्यातले प्रमुख. शेतकरी घरांतल्या बायकांना दिवस जाण्याआधीपासून गाठलं, त्या काय खातात, किती राबतात याची नोंद ठेवली. सुमारे आठशे गरोदरपणं. बायकांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास आणि बाळांचं सरासरी २.७ किलो. साउदॅम्प्टनची बाळं जवळपास साडेतीन किलोची. आणि ही आपली बाळं किडकिडीत दिसत असली तरी त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. पुढे मधुमेहाकडे जाण्याची वाट तिथूनच सुरू होते असं ही मंडळी सांगतात.

आईने एकूण किती उष्मांक खाल्ले याचा बाळाच्या जन्माच्या वेळच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो पालेभाज्या, फळं आणि दुधाशी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला माझ्या आधीच्या कामाबद्दल फार वाईट वाटलं होतं. तोवर मी प्रत्येकीला "भाकरी वाढव" एवढंच सांगत होते. याच बायकांपैकी सुमारे दोनतृतीयांश जणींना बी-१२ कमी होतं. ज्यांचं फॉलेट (म्हणजे अंगातलं फॉलिक अ‍ॅसिड) भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त आढळलं. याचा अर्थ फॉलिक अ‍ॅसिड बंद करा असा मुळीच नाही. बाळाचा मज्जारज्जू पहिल्या चार आठवड्यांतच मिटतो, त्यासाठी ते लागतंच. अर्थ इतकाच की बी-१२कडे काणाडोळा नको.

भुईचाफा | ४ जून, रात्री ९:३०

दोनच गट! वाचून रडू आलं. मला वाटायचं मी चांगलं जेवते. ताई, दोन जिवांचं खायचं ते किती मग? आणि बाळ मोठं होऊन अडेल हे खरं का?

शेवगा | ५ जून, सकाळी ६:४५

रडू नकोस, पाचव्या महिन्यात कळलंय, पुष्कळ वेळ आहे.

दोन जिवांचं म्हणजे दुप्पट नव्हे. चौथ्या महिन्यापासून रोज साधारण ३५० उष्मांक जास्त लागतात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि वाटीभर दही, झाले ३५०. प्रथिनं मात्र शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅमनी वाढवायची असतात. एक अंडं, पेलाभर दूध आणि वाटीभर उसळ मिळून वीसेक ग्रॅम होतात. अंडं खात नसशील तर मूठभर शेंगदाणे. बिस्किटाच्या पुड्याने उष्मांक येतील, प्रथिनं येणार नाहीत.

बाळ मोठं होण्याची भीती आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती बायकांनी बायकांची काळजी करतानाच पसरवलेली आहे. पूर्वी अडलेल्या बाळंतपणात बाई हाती लागत नसे, म्हणून ती भीती. पण तू कमी खाल्लंस तर बाळंतपण सोपं होत नाही. तू अशक्त होतेस, बाळ कमी वजनाचं होतं, आणि पंडुरोग असलेल्या बाईला थोडा रक्तस्रावही सोसत नाही. बाळाचं वजन जास्त वाढतं ते बहुतेक करून आईची साखर वाढली तर. ती चाचणी सहाव्या महिन्याच्या आसपास पुन्हा होईल, चुकवू नकोस.

पपई: कच्ची नको, तिच्या चिकाने गर्भाशयाचं आकुंचन होतं हे उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय. त्याच प्रयोगात पिकलेल्या पपईने काही झालं नाही. घरात वाद नको असेल तर पेरू खा, लाल भोपळ्याची भाजी कर. पपईवाचून काही अडत नाही.

खाडीकाठ | ५ जून, दुपारी ३:१०

मी मालवणची, वय ६८. आमच्याकडे गरोदर बाईला सकाळी पेज, तिच्याबरोबर सुकटीची चटणी किंवा जवळा. पेडवे, तारली, बांगडा घरात असायचेच, श्रीमंतीचं जेवण नव्हे ते, सगळ्यात स्वस्त मासे. नाचणीची आंबील सासू स्वतः करून द्यायची. आजकालच्या मुली पापलेटच मागतात आणि बांगड्याला नाक मुरडतात. बांगडा खा बाई. फक्त मोरी नको म्हणायची माझी सासू, का ते माहीत नाही.

शेवगा | ५ जून, संध्याकाळी ७:००

काकू, तुमच्या सासूबाईंचं बरोबर होतं. मोरी म्हणजे शार्क, मोठा आणि दुसऱ्या माशांवर जगणारा मासा. अशा माशांच्या अंगात पारा साठत जातो, तो बाळाच्या मेंदूला वाईट. पेडवे, तारली, बांगडा हे लहान मासे, त्यांत पारा कमी आणि मेंदूला लागणारी चरबी भरपूर. काट्यासकट खाल्लेल्या सुकटीतून कॅल्शियम मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, गव्हा-तांदळात याच्या जवळपासही नाही. आंबील आंबवलेली असल्याने त्यातलं लोहही जास्त अंगी लागतं.

करवंदी | ६ जून, रात्री १०:१५

मी मोखाडा भागात अंगणवाडीत काम करते. तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्याकडे अमृत आहार योजना आहे, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलामांच्या नावाची, २०१५ पासून. गरोदर आणि बाळंतिणींना दिवसातून एकदा गरम, पुरतं जेवण. भाकरी किंवा चपाती, भात, डाळ, भाजी, अंडं किंवा केळं, लाडू. पुष्कळांना वाटतं, डबा घरी का देत नाही? घरी दिला की तो तिचा राहत नाही. दोन पोरं तोंडाकडे बघत असतात, सासरा आजारी असतो, ती कशी खाणार एकटी? समोर बसवून जेवायला घातलं की तेवढं तरी तिच्या पोटात जातं. मी रोज बघते, पहिले दोन दिवस लाजतात, अर्धं अंडं पदरात बांधतात पोरासाठी. मग आम्ही पोरांनाही तिथेच बसवतो.

पावसाळ्यात आमच्या बाया तुमच्यापेक्षा चांगलं खातात. शेवळं, टाकळा, कुर्डू, लोत, भारंगी, कुळूची भाजी, खेकडे. टाकळा-कुर्डू पदरच्या पैशाशिवाय मिळतात. अवघड असतात ते दिवाळीनंतरचे महिने. घरदार बंद करून वीटभट्टीवर जातात, भिवंडी-वसईकडे. तिथे भात आणि मिरची-मीठ. सातव्या महिन्याची बाई डोक्यावर विटा वाहते. परत येते तेव्हा तिचं वजन आम्ही नोंदवलेल्यापेक्षा कमी भरतं. नोंदवहीत तो आकडा लिहिताना हात थांबतो.

नांगरट | ७ जून, सकाळी ७:३०

धागा पहिल्यापासून वाचतोय. बायकोला सातवा महिना. मी काय करायचं ते कोणीच लिहिलं नाही. सांगा.

शेवगा | ७ जून, दुपारी २:२०

दादा, तुम्ही विचारलंत याचंच मला फार बरं वाटलं.

तिला पहिल्या पंगतीला बसवा. घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला काय येतं ते एकदा स्वतः बघा. वरणातली डाळ संपून वरचं पाणी उरलेलं असतं, भाजी खरवडलेली असते, अंडी मोजून केलेली असतात. भाकरी मात्र उरते. म्हणून तिचं पोट भरतं आणि ताट रिकामंच राहतं. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, वाढणारीने स्वतःला शेवटी धरलेलं असतं, बस.

दुसरं, पाणी आणि ओझं. पुण्याजवळच्या त्या सहा गावांतच असंही दिसलं होतं की गरोदरपणात जास्त कष्टाची कामं करणाऱ्या, लांबून पाणी आणणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकांची बाळं लहान निघाली. तेवढं काम तुम्ही उचलू शकता.

तिसरं, बाजारातून येताना भाजीची जुडी तुम्हीच आणा. राजगिरा, तांदुळजा, चाकवत, शेपू, अंबाडी, जी स्वस्त असेल ती. दारात शेवगा असेल तर पाला फुकट आहे. मी माझं नाव उगीच ठेवलेलं नाही. आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी सोबत जा, आत जा, बाहेर गाडीपाशी थांबू नका.

परदेशी_पाखरू | ७ जून, रात्री ११:५०

मी लेस्टरला असते. इथे दाईने पहिल्याच भेटीत फॉलिक अ‍ॅसिडबरोबर ड जीवनसत्त्व रोज १० मायक्रोग्रॅम सांगितलं, सावळ्या कातडीला इथला सूर्य पुरत नाही म्हणून. भारतात याची गरज नाही ना?

शेवगा | ८ जून, सकाळी ६:३०

ऊन भरपूर असून आपल्याकडेही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास सापडते. दिवसभर घरात, पूर्ण अंग झाकलेलं, उन्हात गेलं की काळं होण्याची धास्ती. तपासून डॉक्टरांनी दिलं तर घ्यावं.

चिमणचारा | ८ जून, सकाळी १०:०५

माझं लग्न डिसेंबरात आहे. हा धागा मला उगीच वाचावासा वाटला, पण आता प्रश्न पडलाय. आधीपासून काही करायचं असतं का?

शेवगा | ८ जून, रात्री ९:१०

उगीच नाही, तूच खरी वेळेवर आलीस. मुंबईच्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक प्रयोग झाला. साडेसहा हजार बायका. निम्म्यांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ, निम्म्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. खाऊ दिवस जाण्याच्या आधीपासून द्यायचा होता. सगळ्यांचा मिळून विचार केला तर बाळाच्या वजनात फारसा फरक पडला नाही, हेही सांगायलाच हवं. मात्र ज्यांनी दिवस जाण्याआधी निदान तीन महिने तो खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जास्त भरली. आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचं प्रमाण १२.४ टक्क्यांवरून ७.३वर आलं. पालेभाजीचा एवढा मोठा परिणाम मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही.

म्हणून तू आत्ताच हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपास. मूल हवंसं ठरलं की फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून सुरू कर, दिवस राहिल्याचं कळेपर्यंत ते चार आठवडे निघून गेलेले असतात.

करवंदी | ८ जून, रात्री १०:४०

एक राहिलं. गोळ्या नीट घेऊनही महिन्याभरात हिमोग्लोबिन एकाने तरी वाढलं नाही तर गप्प बसू नका. आमच्या पट्ट्यात आणि विदर्भात सिकलसेल असतं, काहींना थॅलेसेमियाचा अंश असतो, हे दोन्ही रक्ताचे आनुवंशिक आजार. त्याची वेगळी तपासणी लागते. आणि जंताची गोळी चौथ्या महिन्यापासून पुढे एकदा देतात, ती मिळाली का विचारा.

भुईचाफा | २६ जुलै, रात्री ९:५५

उशिरा लिहितेय, माफ करा. परवा तपासलं, १०.५ आलं. वजनही अडीच किलोने वाढलं. दोन गोळ्या चालू आहेत, लिंबूपाण्याबरोबर. चहा आता दुपारी एकदाच. पेन्सिलीची आठवणही होत नाही.

हा धागा मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या गप्प ऐकत होत्या. "वरचं पाणी उरतं" हे आलं तेव्हा म्हणाल्या, "हे कोणी लिहिलंय? बाईच असणार." दुसऱ्या दिवशी त्यांनी डाळीची वाटी आधी बाजूला काढून ठेवली. आता रोज रात्री झोपताना आम्ही दोघी बोटांवर गट मोजतो. काल सात झाले: भाकरी, मटकी, शेंगदाण्याची चटणी, दही, तांदुळजा, पेरू, दोडका. चुलतसासूबाईंनीही परवा भोपळ्याचे घारगे करून पाठवले.

तपासणीला या वेळी सासूबाई सोबत आल्या होत्या. मी तिथल्या नर्सताईंना म्हटलं, यांचंही बघा. त्या नको नको म्हणत होत्या, माझं काय आता बघायचं. त्यांचं ८.६ आलं.

शेवगाताई, त्यांचं वय ५४ आहे, पाळी थांबून तीन वर्षं झाली. त्यांना कुठल्या डॉक्टरांकडे न्यायचं ते सांगाल का?

शेवगा | २७ जुलै, सकाळी ६:१५

फिजिशियनकडे, याच आठवड्यात. पाळी थांबल्यावर इतकं कमी असेल तर रक्त कुठून जातंय का ते आधी शोधावं लागतं: मूळव्याध, पोटातला अल्सर, आणखीही काही. तुझ्या लाल गोळ्यांवर भागवू नका. कागद आले की इथेच लिही, मी बघते.